अंगणवाडीशी भागीदारी कशी करावी : नव्याने जोडल्या जाणाऱ्या गटांसाठी मार्गदर्शन

महिला बचत गट, तरुण मंडळ, शाळा, सहकारी संस्था, एखादी कंपनी किंवा नव्याने निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य यांपैकी कोणालाही अंगणवाडीसाठी काही करावेसे वाटले, की बहुतेक वेळा पहिला विचार येतो तो वस्तू देण्याचा. खेळणी, खुर्च्या, भिंतींचा रंग, टीव्ही अशी यादी तयार होते, वाटपाचा कार्यक्रम होतो, छायाचित्रे निघतात आणि सहा महिन्यांनी त्या वस्तूंचे काय झाले हे विचारायला कोणी फिरकत नाही. वर्षभर टिकेल अशी भागीदारी ज्यांना उभी करायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातील सगळ्या पायऱ्या एकाच भूमिकेवर उभ्या आहेत : काय हवे आहे ते अंगणवाडी सेविकेबरोबर बसून ठरवावे, कोणी काय करायचे ते लिहून ठेवावे आणि निभावता येईल तेवढेच अंगावर घ्यावे.

आधी व्यवस्था समजून घ्यावी

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. आज ती ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ या नावाखाली चालते आणि एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाडी केंद्रे आहेत. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरजूंना पुढच्या उपचारासाठी मोठ्या दवाखान्यात पाठवणे), पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवा तिच्यात येतात. यांपैकी लसीकरण, तपासणी आणि संदर्भ सेवा या आरोग्य विभागाच्या मदतीशिवाय होऊच शकत नाहीत. त्यामुळे अंगणवाडी म्हणजे फक्त लहान मुलांची शाळा किंवा खाऊ वाटपाचे ठिकाण, असे समजून आलेला गट पहिल्याच बैठकीत गोंधळतो. गरोदर आणि स्तनदा माता, काही जिल्ह्यांत किशोरवयीन मुली आणि सहा महिन्यांपुढील बाळे हीसुद्धा या केंद्राची लाभार्थी आहेत, आणि त्यांतील बहुतेक जण रोज केंद्रात दिसत नाहीत.

सर्वसाधारण भागात साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३०० ते ८०० लोकसंख्येमागे एक केंद्र असते. केंद्रात एक सेविका आणि एक मदतनीस असते. त्यांच्या कामावर देखरेख करणारी मुख्यसेविका म्हणजेच पर्यवेक्षिका, तिच्या वर बाल विकास प्रकल्प अधिकारी आणि ग्रामीण भागात त्यांच्या वर जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग, अशी ही साखळी आहे. शहरांत नागरी प्रकल्प असतात आणि तिथली केंद्रे पुष्कळदा भाड्याच्या एका खोलीत भरतात. आपण ज्या केंद्राशी जोडून घेणार आहोत, ते कोणत्या प्रकल्पात येते हे सेविकेला विचारून पहिल्याच दिवशी वहीत टिपून घ्यावे, कारण पुढच्या प्रत्येक पत्रावर ते लिहावे लागते.

लोकसहभागाची गोष्ट या व्यवस्थेला वरून चिकटवलेली नाही, हेही लक्षात असू द्यावे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आणि आसपासच्या आदिवासी पाड्यांवर हे काम वाढत गेले. मुले येत नसतील तर आपण त्यांच्याकडे जायचे, हा त्या कामाचा रिवाज आजच्या भागीदारालाही लागू आहे.

पहिली पायरी : केंद्रात जाऊन पाहणे

कोणताही प्रस्ताव तयार करण्यापूर्वी सेविकेला आधी विचारून, तिच्या सोयीच्या दिवशी, मुले आलेली असतात त्या वेळी केंद्रात जावे आणि शक्यतो पूर्ण सत्रभर बसावे. दोघा-तिघांपेक्षा जास्त माणसांनी एका वेळी जाऊ नये. परक्या माणसांची गर्दी झाली की तीन वर्षांची मुले रडू लागतात आणि त्या दिवसाचे काम तिथेच थांबते.

पाहायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. पाण्याचा नळ मुलाच्या हाताला येतो का? शौचालय असेल तर ते वापरात आहे का, की टाकीत पाणी नसल्याने त्याला कुलूप आहे? उंची मोजण्याचा फलक सपाट जागेवर उभा राहतो का? फरशी उंचसखल असेल, तर मोजमाप चुकते आणि चुकलेले मोजमाप तसेच नोंदले जाते. वजनकाटा चालू आहे का? शिजवलेला आहार बचत गटाच्या स्वयंपाकघरातून येतो, की केंद्रातच शिजतो? केंद्रात शिजत असेल, तर चूल किंवा गॅस मुलांच्या बसण्याच्या जागेपासून किती लांब आहे? पावसाळ्यात छत कुठे गळते, हे मदतनीस बोटाने दाखवते. ते तिच्याकडूनच समजून घ्यावे, कारण बादल्या ठेवण्याचे काम तिचे असते.

याच वेळी सेविकेचा दिवस समजून घ्यावा. मानधनावर काम करणारी ही बाई पूर्वशालेय शिक्षण, आहारवाटप, गृहभेटी, वजन-उंचीच्या नोंदी, पोषण ट्रॅकर या मोबाईल ॲपमधील माहिती आणि वेळोवेळी येणारी सर्वेक्षणे अशी सगळी कामे सांभाळते, आणि अनेक ठिकाणी मतदार यादीचे कामही तिच्याकडेच असते. आपल्या उपक्रमामुळे तिला आणखी एक नोंदवही भरावी लागणार असेल, तर तो उपक्रम कितीही चांगला वाटला तरी त्याचा पुन्हा विचार करावा.

दुसरी पायरी : गरज ठरवणे

पाहणीनंतर एक छोटी बैठक घ्यावी. तिला सेविका, मदतनीस, आशा, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका, दोन-तीन माता, एखादा वडील, शक्य असल्यास एखादी आजी आणि वॉर्डातील ग्रामपंचायत सदस्य असावेत. आजीला बोलावण्यामागे कारण आहे. सहा महिन्यांच्या बाळाला वरणाचे पातळ पाणी पाजायचे की घट्टसर वरण-भात कुस्करून भरवायचा, याचा निर्णय अनेक घरांत तिचाच असतो, आणि आईला कितीही समजावले तरी आजीला पटल्याशिवाय घरात काही बदलत नाही.

बैठकीत निघालेल्या गरजा तीन गटांत लिहाव्यात. पहिल्या गटात शासनाने द्यायच्याच गोष्टी येतात, उदाहरणार्थ पूरक आहार किंवा वजनकाटा. त्या मिळत नसतील, तर त्यांचा पाठपुरावा करणे हेच भागीदाराचे काम. आपण स्वतः विकत आणून दिल्या, तर ती त्रुटी कागदावर कधीच दिसत नाही आणि पुढच्या वर्षीही तीच वेळ येते. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना आणि गरोदर व स्तनदा मातांना मिळणारा आहार हा राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार त्यांचा हक्क आहे. पाठपुराव्याच्या पत्रात तसे स्पष्ट लिहावे. दुसऱ्या गटात ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतील गोष्टी येतात : पाणी, वीज, शौचालय, कुंपण, रस्ता, दुरुस्ती. तिसऱ्या गटात समाजातील माणसांनीच करता येतील अशी कामे येतात. माझ्या मते हा तिसरा गटच सर्वांत मोलाचा आहे, आणि बहुतेक प्रस्तावांत नेमका तोच रिकामा असतो.

माणसांचा वेळ : सर्वांत दुर्लक्षित साधन

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सर्वांत जास्त गरज असते ती त्याच्याशी बोलणाऱ्या, त्याचे ऐकून घेणाऱ्या मोठ्या माणसाची. एक सेविका पंचवीस-तीस मुलांशी एकेकट्याने किती बोलणार? म्हणून आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी, ठरलेल्या वेळी येऊन गोष्ट सांगणारी, बडबडगीते म्हणणारी किंवा मातीची भांडी घडवून दाखवणारी व्यक्ती मिळाली, तर ती भागीदारी कोणत्याही खेळण्यापेक्षा जास्त उपयोगाची ठरते.

आदिवासी भागात याचे महत्त्व आणखी वाढते. कोरकू, पावरी, गोंडी, वारली किंवा कातकरी बोलणारे मूल केंद्रात येते तेव्हा सेविकेची मराठी त्याला पुरती कळत नाही, आणि मूल गप्प बसते. मूल गप्प आहे म्हणजे त्याला काही येत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. अशा ठिकाणी पाड्यावरच्या दोन ज्येष्ठ स्त्रियांना आठवड्यातून दोनदा आणून मुलांच्या बोलीत गोष्टी सांगायला बसवावे. सेविकेने शेजारी बसून त्यातले नेहमीचे वीस-तीस शब्द आपल्या वहीत लिहून घ्यावेत : पाणी, भूक, दुखते, ये, बस, आई, शी, शू. पहिल्या महिन्यात एवढे शब्द आले, तरी रडणाऱ्या मुलाला काय हवे आहे ते कळू लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही घरच्या भाषेतून सुरुवात करण्यावर भर आहे, त्यामुळे वरिष्ठ कार्यालयाला ही कल्पना नव्याने पटवून द्यावी लागत नाही.

स्वयंसेवकांसाठी मात्र काही बंधने सुरुवातीलाच ठरवावीत आणि ती सर्वांना सारखीच लागू करावीत, मग येणारी व्यक्ती कितीही प्रतिष्ठित असो. स्वयंसेवक मुलांबरोबर कधीही एकटा राहणार नाही, कोणत्याही मुलाला केंद्राबाहेर नेणार नाही, शौचाला नेणे व कपडे बदलणे ही कामे मदतनीसच करील, आणि मूल घरी सोडायचे झाल्यास ते ठरलेल्या नातेवाइकाच्याच ताब्यात दिले जाईल. मुलाशी लैंगिक गैरप्रकार झाल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन पॉक्सो कायदा, २०१२ ने, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने, घातले आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

तिसरी पायरी : परवानगी आणि लेखी नोंद

सेविकेची तोंडी संमती पुरेशी नसते, आणि तिच्या संमतीशिवाय वरून आणलेली परवानगीही उपयोगाची नसते. म्हणून पत्र बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे, मुख्यसेविकेमार्फत द्यावे आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी. मोठ्या कंपन्यांना कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार सामाजिक उत्तरदायित्वासाठी खर्च करावा लागतो, आणि महाराष्ट्रात अंगणवाड्या दत्तक देण्याचे शासकीय धोरणही आहे. अशा प्रस्तावांसाठी करार वरच्या पातळीवर होतो, त्यामुळे कंपनीच्या प्रतिनिधीने थेट केंद्रात जाऊन आश्वासने देऊ नयेत.

छोट्या गटाला मोठा करारनामा लागत नाही. एका पानावर पुढील प्रकारचा मजकूर पुरतो :

‘आमचा बचत गट जुलै ते मार्च या काळात दर मंगळवारी सकाळी एक तास दोन सदस्यांना अंगणवाडीत पाठवील. सेविकेने आदल्या आठवड्यात ठरवलेला उपक्रम हे सदस्य घेतील. सदस्य येऊ शकणार नसेल, तर आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत सेविकेला कळवले जाईल. गट कोणतीही रोख रक्कम केंद्रात देणार किंवा घेणार नाही. दर तीन महिन्यांनी मुख्यसेविकेच्या उपस्थितीत आढावा घेतला जाईल.’

यातील रोख रकमेचे वाक्य कधीही वगळू नये. सेविकेच्या हातात पैसे दिले, की चांगल्या हेतूने दिलेल्या पाचशे रुपयांचाही हिशेब पुढे तिलाच देत बसावे लागतो. वस्तू दिल्यास ती केंद्राच्या जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे ज्याला सगळे डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात त्यात, त्याच दिवशी नोंदवून घ्यावी आणि पोच घ्यावी.

चौथी पायरी : पंचायतीच्या आराखड्यात जागा मिळवणे

नळ, कुंपण किंवा छताची दुरुस्ती अशी कामे वर्गणीतून करण्याची घाई करू नये. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करणे अपेक्षित आहे, आणि अंगणवाडीची बरीच किरकोळ कामे त्यात बसतात. याशिवाय गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातून तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे खर्च करता येणारा, निधी मिळू शकतो. ही समिती कागदावर असते आणि तिची बैठक वर्षानुवर्षे होत नाही, अशी गावे थोडीथोडकी नाहीत. ती बैठक नियमित भरवून घेणे हेच एखाद्या गटाचे वर्षभराचे काम ठरू शकते, आणि त्याला खर्च काहीच येत नाही.

‘आमचा गाव, आमचा विकास’ हा ग्रामपंचायतीचा आराखडा ग्रामसभेत मांडला जातो. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायच्या असतात आणि नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद आहे. अंगणवाडीचा विषय आधी महिला सभेत मांडावा, तिथे ठराव घ्यावा आणि मग तो ग्रामसभेपुढे न्यावा. ठरावात ‘अंगणवाडीच्या सुविधा वाढवाव्यात’ असे मोघम वाक्य असेल, तर त्यावर काहीच होत नाही. ‘अंगणवाडी क्रमांक २ च्या शौचालयाच्या टाकीला नळजोडणी द्यावी, मुलांसाठी दोन फूट उंचीवर हात धुण्याचे दोन नळ बसवावेत, खर्च महिला व बालकल्याण निधीतून करावा, काम मे अखेरपर्यंत पूर्ण करावे’ असे लिहिले, तर पुढच्या सभेत प्रश्न विचारता येतो. ठरावाची प्रत मागून घ्यावी.

एक खबरदारी मात्र आवर्जून घ्यावी. ग्रामसभेत कुपोषणाची चर्चा करताना आकडे सांगावेत, मुलांची नावे कधीही वाचू नयेत. ‘सॅम’ (तीव्र कुपोषित) किंवा ‘मॅम’ (मध्यम कुपोषित) श्रेणीत आलेल्या मुलाचे नाव चारचौघांत घेतले, तर त्याची आई पुढच्या महिन्यात वजनाला येत नाही.

आरोग्य, शाळा आणि स्थलांतर

आरोग्याच्या बाजूने नवी शिबिरे भरवण्यापेक्षा ठरलेल्या दिवसांना माणसे आणण्याचे काम करावे. गावात दर महिन्याला ग्राम आरोग्य व पोषण दिवस असतो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येते, आणि पोषण अभियानात समुदाय आधारित कार्यक्रम महिन्यातून दोनदा घ्यायचे असतात. तपासणीत एखाद्या मुलाला हृदयाचा, कानाचा किंवा वाढीचा दोष असल्याचा संशय आला, तर त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले जाते. पालक तिथपर्यंत पोचत नाहीत, कारण दोन दिवसांची मजुरी बुडते आणि इस्पितळात कुठल्या खिडकीवर जायचे हे कळत नाही. त्या दिवशी गाडीची सोय करणारा आणि पालकांबरोबर दिवसभर थांबणारा एक माणूस देणे, ही तरुण मंडळासाठी उत्तम भागीदारी आहे.

शाळेशी जोडणी सोपी आहे. पहिलीच्या शिक्षकांनी वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे आणि मोठ्या गटातील मुलांनी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी शाळेचा वर्ग पाहून यावा, एवढे झाले तरी जूनमधले रडणे पुष्कळ कमी होते.

स्थलांतराचा प्रश्न मात्र तितका सोपा नाही. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. मधल्या काळात मुलाचा आहार, लसीकरण आणि वजनाची नोंद तुटते. गावाकडच्या भागीदाराने निघण्यापूर्वी अशा कुटुंबांची यादी सेविकेला करून द्यावी, मुकादमाकडून पोचण्याचे गाव आणि कारखान्याचे नाव विचारून घ्यावे आणि मातेकडे लसीकरणाचे कार्ड असल्याची खात्री करावी. पोचण्याच्या ठिकाणी साखर कारखाना, तिथली ग्रामपंचायत आणि जवळची अंगणवाडी यांना एकत्र बसवणे हे त्या बाजूच्या गटाचे काम. ऊसतोडीच्या फडापासून अंगणवाडी दोन-तीन किलोमीटरवर असेल, तर मुले तिथे येणार नाहीत. मजुरांच्या कोप्यांजवळ, म्हणजे झोपड्यांजवळ, तात्पुरती जागा आणि आहार पोचवण्याची सोय मागावी लागते, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी मागितली तरच ती वेळेत मिळण्याची आशा असते.

काय देऊ नये

बाळासाठी दूध पावडरचे डबे, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि दोन वर्षांखालील बाळांसाठीचा डबाबंद शिशुआहार कधीही वाटू नये. १९९२ च्या शिशुदुग्धपर्याय व दुग्धपान बाटल्यांविषयीच्या कायद्याने अनाथालय वगळता अशा देणग्या आणि वाटप यांना मनाई केली आहे. अनेक दात्यांना हे ठाऊक नसते आणि सेविकेला नकार देणे अवघड जाते. म्हणून हा नियम भागीदारांच्या पहिल्या बैठकीतच सांगून टाकावा.

वाढदिवसाला चिप्सची पाकिटे आणि केक यांऐवजी केळी, चिक्की किंवा उकडलेली अंडी द्यावीत, तीही सेविकेला आदल्या दिवशी सांगून आणि रोजच्या आहाराच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके, मणी किंवा सुटे भाग असलेली खेळणी देऊ नयेत, कारण ती नाकात-घशात जातात. प्लास्टिकच्या खुर्च्याही विचारपूर्वक द्याव्यात. छोट्या खोलीत वीस खुर्च्या रचून ठेवल्या, की मुलांना फेर धरायला जागा उरत नाही.

आणि भिंती. भिंती रंगवायची हौस प्रत्येकाला असते, आणि दूरचित्रवाणीवरची पात्रे काढली की काम झाले असे वाटते. त्याऐवजी खालच्या तीन फुटांत सलग काळा फळा रंगवून द्यावा, म्हणजे मुलांना स्वतः खडूने रेघोट्या मारता येतील. छायाचित्रे पालकांच्या संमतीनेच घ्यावीत आणि वजन करतानाची किंवा जेवतानाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

आढावा आणि बाहेर पडणे

दर तीन महिन्यांच्या आढाव्यात उपस्थितांची संख्या आणि वाटलेल्या वस्तूंची यादी वाचून वेळ घालवू नये. ठरलेल्या दिवसांपैकी किती दिवस आपली माणसे खरोखर आली, त्यामुळे सेविकेचे काम हलके झाले की वाढले, कोणती मुले अजूनही येत नाहीत आणि ती कोणत्या वस्तीतली आहेत, या प्रश्नांना वेळ द्यावा. न येणारी मुले बहुधा एकाच वस्तीतली, एकाच समाजाची किंवा ओढ्यापलीकडची निघतात. ते दिसले, की पुढच्या तिमाहीचे काम आपोआप ठरते. सेविकेला मोकळेपणाने बोलता यावे म्हणून आढाव्यातील पहिली दहा मिनिटे तिला आणि मदतनीसला द्यावीत, आणि त्या वेळी दात्याने मध्ये बोलू नये.

प्रत्येक भागीदारी कधीतरी संपते. गटातील उत्साही सदस्याचे लग्न होऊन ती दुसऱ्या गावी जाते, कंपनीचा निधी दुसऱ्या तालुक्याकडे वळतो, सरपंच बदलतो. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी किमान दोन महिने लेखी कळवावे, सुरू असलेला उपक्रम वर्षाच्या मधेच तोडू नये आणि दिलेल्या वस्तूंची दुरुस्ती पुढे कोण करणार हे ग्रामपंचायतीच्या नोंदीत लिहून घ्यावे. आपल्या कामाची वही, म्हणजे कोणत्या दिवशी कोणता उपक्रम घेतला, मुलांना काय आवडले, कोणत्या पत्राला कोणते उत्तर आले आणि कोणता ठराव अजून अपुरा आहे याची नोंद, सेविकेकडे एक आणि नव्या गटाकडे एक अशा दोन प्रतींत सोपवावी. हे हस्तांतर मुख्यसेविकेच्या समोर, शक्यतो जूनमध्ये नवी मुले दाखल होण्यापूर्वी उरकावे.